दुसऱ्यांच्या गोलपोस्टमध्ये तयार झालेला पोरगा

(कोल्हापुरात गोलकीपर पोरं आणि त्यांच्या पालकांसमोर केलेलं हे भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलंय, बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. पोरांनो, पुढं या, मागं उभं राहू नका, जागा आहे इकडं.

आज मला एकाच पोराची गोष्ट सांगायचीय. जॉर्डन पिकफर्ड. आता तुम्ही म्हणाल तो तर इंग्लंडचा नंबर एकचा कीपर, त्याचं काय नवीन, यूट्यूबवर सगळं आहे. पण मला त्याचं नाव सगळ्यांना माहीत व्हायच्या आधीची वर्षं सांगायचीत. 2012 ते 2017. कारण माझं ठाम मत आहे की कीपर प्रॅक्टिसमध्ये घडत नाही. प्रॅक्टिस लागतेच, त्याबद्दल वाद नाही, पण कीपर घडतो तो मॅचमध्ये, आणि तीही अशी मॅच जिथं गोल खाल्ला तर कुणाचं तरी खरोखर नुकसान होतं.

पिकफर्डचा जन्म 7 मार्च 1994 चा, गाव वॉशिंग्टन. अमेरिकेतलं नव्हे, इंग्लंडच्या ईशान्येला संडरलँडजवळ आहे ते. हा सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा आणि जहाजबांधणीचा. संडरलँडचं स्टेडियमसुद्धा बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर बांधलंय. तिथं फुटबॉल म्हणजे आपल्याकडं पेठेत आहे तसंच, घरटी विषय. पोरगा 8 वर्षांचा असताना क्लबच्या अकॅडमीत गेला. इंग्लंडच्या अंडर-16 पासूनच्या टीममधून खेळला, म्हणजे टॅलेंट होतंच, लोकांना दिसतही होतं.

पण कीपरचं दुखणं तुम्हाला माहितीय. स्ट्रायकर तीन खेळतात, डिफेंडर चार खेळतात, कीपर एकच. पहिला कीपर फॉर्मात असला आणि त्याला दुखापत झाली नाही तर दुसऱ्यानं अख्खा सीझन बाकावर काढायचा. मी स्वतः तीन सीझन असे काढलेत. वॉर्मअपला पहिल्या कीपरला शॉट मारायचे, मग ट्रॅकसूट घालून बसायचं. तीन वर्षांत माझे हात चांगले झाले, पाय चांगले झाले, पण शेवटी एकदा मॅचमध्ये उतरवलं तेव्हा पहिल्याच कॉर्नरला बाहेर यायचं की लाईनवर थांबायचं हेच कळेना. नुसतं बाकावरून बघून हे येत नाही हो.

इंग्लंडमध्ये यावर उपाय आहे लोन. मोठा क्लब आपला पोरगा छोट्या क्लबला महिनाभर, सहा महिने, कधी वर्षभर खेळायला देतो. आणि पिकफर्डला संडरलँडनं एकदा नाही, सहा क्लबांना दिला. डार्लिंग्टन, आल्फ्रेटन टाऊन, बर्टन अल्बियन, कार्लाईल युनायटेड, ब्रॅडफर्ड सिटी, प्रेस्टन नॉर्थ एंड. ही नावं क्रमानं लक्षात ठेवा, कारण हा एक जिना आहे. पायरी म्हणजे डिव्हिजन, पहिली म्हणजे सगळ्यात वरची प्रीमियर लीग. पहिले दोन पाचव्या पायरीवरचे, बर्टन चौथ्या, कार्लाईल आणि ब्रॅडफर्ड तिसऱ्या, प्रेस्टन दुसऱ्या. एकही पायरी गाळलेली नाही.

यातलं डार्लिंग्टन मला जरा सविस्तर सांगायचंय.

जानेवारी 2012. पोरगा 17 वर्षांचा. आणि तो ज्या क्लबात गेला तो क्लब अक्षरशः मरायला टेकलेला. पैसे संपलेले, महिन्याच्या सुरुवातीलाच क्लब कोर्टाच्या प्रशासकाकडं गेलेला, मॅनेजर गेला, आणि महिन्याच्या मध्यात तर क्लबला कुलूपच लागणार होतं, शेवटच्या क्षणी समर्थकांनी पैसे उभे केले म्हणून पुढच्या मॅच झाल्या. आणि मैदान केवढं, तर 25,000 लोक बसतील एवढं! बांधलं तेव्हा चौथ्या डिव्हिजनमध्ये असलेल्या क्लबसाठी एवढं मोठं स्टेडियम, त्या खर्चानंच त्यांची कंबर मोडली होती. टीममध्ये कोण, तर क्लबची स्वतःची यूथची पोरं आणि जे कोणी उरलेत ते. समोरून मात्र येणार तीस-बत्तीस वर्षांचे तगडे स्ट्रायकर, ज्यांचं घर या खेळावर चालतं, ते काय कॉर्नरला 17 वर्षांच्या पोराकडं बघून कोपर आवरून घेणार आहेत का?

टीम हरत राहिली. सीझन संपला तेव्हा डार्लिंग्टन खालच्या डिव्हिजनमध्ये गेली, आणि उन्हाळ्यात तर जुना क्लबच संपला, समर्थकांनी नव्यानं उभा केला तो थेट चार पायऱ्या खालून सुरू करावा लागला. पण त्या पोराला मिळाल्या मॅच. दर आठवड्याला मॅच, समोर खरी माणसं, जी आपला क्लब वाचावा म्हणून तिकीट काढून आलीत. अकॅडमीच्या मॅचमध्ये गोल खाल्ला तर कोच व्हिडिओ लावतो, समजावून सांगतो. इथं गोल खाल्ला तर मागच्या स्टँडमधला म्हातारा काय बोलतो ते शब्द न शब्द ऐकू येतं आणि दोन मिनिटांत पुन्हा कॉर्नर येतो. मला विचाराल तर त्याची खरी शाळा ही.

पुढचं भराभर सांगतो. आल्फ्रेटन, मग बर्टन, मग कार्लाईल (ती टीमही त्या वर्षी खाली गेली), मग ब्रॅडफर्डला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये तीसच्या वर मॅच, मग 2015 ला प्रेस्टन. सगळं मिळून लोनवर शंभराच्या वर मॅच झाल्या, आणि तोवर स्वतःच्या क्लबसाठी एकही नाही. पालकांनो, हे जरा मनात घोळवा. आठव्या वर्षापासून ज्या क्लबात आहे त्याच्या सीनियर टीमची जर्सी मॅचमध्ये अजून अंगावर नाही, वय 21, आणि पोरगा दर वर्षी बॅग भरून नवीन गावात, नवीन डिफेंडर, नवीन कोच, कुणाला डावा पायवाला कीपर चालतो, कुणाला नुसता लांब उडवलेला बॉल पाहिजे.

आणि हा डावा पाय विसरू नका. त्याची किक बघितलीय ना? हातातला बॉल तो सरळ वर उडवत नाही, अंग आडवं करून बाजूनं मारतो, त्यामुळं बॉल सपाट आणि वेगात जातो, हाफलाईनच्या पलीकडं थेट स्ट्रायकरच्या पुढ्यात. समोरच्यांची टीम मागं पळेपर्यंत अटॅक सुरू झालेला असतो.

जानेवारी 2016 ला संडरलँडनं त्याला प्रेस्टनहून परत बोलावलं. पहिली मॅच एफए कपची, आर्सेनलच्या मैदानावर, 3-1 नं हरले. आठवड्यानं प्रीमियर लीगमधली पहिली, टॉटनहॅमविरुद्ध, 4-1 नं हरले. दोन मॅचमध्ये सात गोल. आपल्याकडं असं झालं तर काय होतं? पोराच्या बापाला चहाच्या टपरीवर ऐकवणार लोक.

पुढच्या सीझनला, ऑगस्टमध्ये, पहिला कीपर मन्नोनेच्या कोपराला दुखापत झाली आणि जागा याला मिळाली. साऊथॅम्प्टनला मॅच, संडरलँड शेवटच्या दहा मिनिटांत 1-0 नं पुढं, आणि जे रॉड्रिगेझनं लांबून मारलेला शॉट याच्या अंगाखालून आत गेला. 1-1. सरळ सरळ याची चूक, दुसऱ्या कुणाची नाही. मी ती क्लिप माझ्या पोरांना बऱ्याचदा दाखवतो, पण चूक दाखवायला नाही, त्यानंतर तो काय करतो ते दाखवायला. त्यानंतर तो खेळतच राहिला. टीमला लीगमधल्या पहिल्या दहा मॅचमध्ये एकही विजय नाही, अकराव्या मॅचला बोर्नमथला दहा खेळाडूंवर खेळत 2-1 नं जिंकले, आणि त्या दिवशी ह्यानं जे काही अडवलंय ते मिळालं तर जरूर बघा. मग जानेवारीत गुडघा दुखावला, एप्रिलमध्ये परत आला. टीम 24 पॉइंटवर तळाला राहिली, खाली गेली. तरी त्या वर्षीच्या सर्वोत्तम तरुण खेळाडूच्या नामांकनात याचं नाव होतं! शेवटच्या नंबरच्या टीमचा कीपर, आणि शेजारी हॅरी केन, डेली आली वगैरे. जून 2017 ला एव्हर्टननं त्याला अडीच कोटी पाउंड देऊन घेतलं, अजून पन्नास लाख वाढू शकतील अशा करारावर. ब्रिटिश कीपरसाठी तोवर कुणीच एवढे पैसे मोजले नव्हते.

आता 2018 चा वर्ल्ड कप. जायच्या आधी इंग्लंडकडून फक्त 3 मॅच खेळलेला. उंची 6 फूट 1 इंच, त्यावरून टीका, बेल्जियमचा कीपर कूर्त्वा तर उघड बोलला. आणि 3 जुलैला मॉस्कोत कोलंबिया. आपल्याकडं रात्र झालेली, मी टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो, घरचे झोपलेले. इंग्लंड 1-0 नं पुढं, नव्वद मिनिटं होऊन गेली, कोलंबियाच्या उरिबेनं लांबून असला मारला की बॉल वरच्या कोपऱ्यात जाणारच, आणि हा हवेत आडवा, बोटांनी बाहेर काढला. आयुष्यातला एक सेव्ह असावा तसा. आणि त्याच कॉर्नरवर येरी मिनानं हेडर मारला. 1-1. एवढ्या सेव्हचं चीज मिनिटभरसुद्धा टिकलं नाही.

ते झाल्यावर त्याच्या चेहऱ्याकडं मी नीट बघत होतो. बॉल जाळ्यातून काढला, ग्लोव्हज आवळले, जागेवर उभा. मला त्या वेळी डार्लिंग्टनच आठवलं, खरंच सांगतो.

जादा वेळेतही 1-1 च राहिलं. पेनल्टी शूटआऊट सुरू झालं तेव्हा दोन वाजून गेले होते. आपल्या इंग्लंडच्या हेंडरसनची पेनल्टी त्यांचा कीपर ओस्पिनानं अडवली, उरिबेची क्रॉसबारला लागली, मग कोलंबियाचा बाका आला. पोरांनो, हे बघा, मी करून दाखवतो. पिकफर्ड स्वतःच्या उजवीकडं झेपावला. बॉल मात्र थोडा मधे आला, उंचीवर. अंग पुढं निघून गेलेलं, आता थांबता येत नाही. तेव्हा मागं राहिलेला डावा हात असा वर, मनगट कडक. हात ढिला असता तर बॉल हाताला लागूनही आत गेला असता. बाहेर गेला. मग इंग्लंडच्या डायरनं गोल मारला आणि वर्ल्ड कपमध्ये तीन शूटआऊट हरलेला इंग्लंड पहिल्यांदा जिंकला.

अजून एक. त्या टीममधले दुसरे दोन कीपर, बटलंड आणि पोप. बटलंड चौथ्या डिव्हिजनच्या चेल्टनहॅमला लोनवर खेळून आलेला. पोपला इप्सविचनं 16 व्या वर्षी काढून टाकलेलं, मग छोट्या छोट्या क्लबांतून वर आला. तिघांच्याही पायाला खालच्या डिव्हिजनचा चिखल लागलेला होता.

मघाशी एका ताईंनी विचारलं, माझा मुलगा मोठ्या टीमचा दुसरा कीपर आहे, सोडून लहान टीमला जाऊ देऊ का, लोक काय म्हणतील. ताई, जाऊ द्या. या सीझनला त्याला किती मॅच मिळाल्या तेवढं मोजा. माझ्याकडं चार टीमचे निरोप आलेत, त्यांच्याकडं कीपरच नाही, मैदान खडकाळ आहे, जर्सी जुन्या आहेत, पण दर रविवारी मॅच आहे. ज्यांना नावं द्यायचीत त्यांनी थांबा, वही इथं टेबलावर आहे.