अडखळलेली ओळ

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

प्रभूची प्रार्थना मला केव्हापासून पाठ आहे, ते आठवत नाही. बोलायला लागलो तेव्हापासूनच असावी. त्या प्रार्थनेतल्या एका ओळीपाशी मी पहिल्यांदा अडखळलो तेव्हा मात्र चाळिशी उलटली होती. आमची मुलगी अतिदक्षता विभागात होती आणि आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो होतो. 'तुझे राज्य येवो' इथपर्यंत मी आलो. पुढे 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. त्या इच्छेत काय असेल, याची मला भीती वाटत होती. शेजारी आई बसली होती. तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "राहू दे. तू तिथंच थांब, पुढचं मी म्हणते." आणि तिने ती ओळ म्हटली.

मुलगी बरी झाली. पण ती बरी झाली म्हणून देवावरचा विश्वास खरा ठरला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच मजल्यावर आणखी एक कुटुंब आमच्याइतक्याच कळकळीने प्रार्थना करत होतं आणि त्यांचं बाळ गेलं. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन जे सांगता येणार नाही, ते व्यासपीठावरूनही सांगू नये, असं मला वाटतं.

त्या रात्रीनंतर मी मत्तयाचा सव्विसावा अध्याय पुन्हा वाचला. गेथशेमाने, अटकेच्या रात्री येशूने प्रार्थना केली ती जागा. या नावाचा अर्थच मुळी तेलाचा घाणा. येशू तिथे पालथा पडून म्हणतो, "हे माझ्या बापा, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो." हे वाक्य आपण फार घाईने ओलांडतो. आपल्याला पुढच्या 'तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको'वर पोहोचायचं असतं. पण शुभवर्तमानकारांनी ते गाळलेलं नाही. जगाच्या तारणाऱ्याला मरण नको होतं आणि ते त्याने बापाला स्पष्ट सांगितलं. तो तीनदा प्रार्थनेला गेला आणि मध्ये उठून झोपलेल्या शिष्यांकडे आला. 'घटकाभर तरी जागे राहवलं नाही का?' हा त्याचा प्रश्न मला फार एकटा वाटतो.

आता दुसऱ्या खेपेचे शब्द ऐका. "हा प्याला मी प्यायल्याशिवाय टळणार नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." पहिल्या खेपेला 'होईल तर टळो', दुसऱ्या खेपेला 'टळणार नसेल तर'. या दोन वाक्यांमध्ये किती वेळ गेला, कुणास ठाऊक. समर्पण शिकण्याची सगळी वाट मला त्या अंतरात दिसते. आणि मूळ ग्रीकमध्ये 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे शब्द अक्षरशः तेच आहेत, जे सहाव्या अध्यायात त्याने शिष्यांना प्रार्थना शिकवताना दिले होते. शिष्यांना शिकवलेली ओळ गुरूला स्वतः म्हणावी लागली, तीही जमिनीवर तोंड टेकून. इब्री लोकांस पत्राचा लेखक तर म्हणतो की तो पुत्र असूनही त्याने जे सोसलं त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. 'शिकला' हा शब्द तिथे आहे, याचा मला केवढा आधार वाटतो! प्रेषित पौलही तुरुंगातून फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहितो की आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. शिकलो म्हणजे आधी येत नव्हतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण या विषयाच्या नावाखाली फार जखमा झाल्या आहेत. घरात मार खाणाऱ्या बाईला 'देवाची इच्छा समजून सोस' असं सांगणं हे समर्पण नव्हे. आजाऱ्याला औषधापासून तोडणं हेही नव्हे. चारही शुभवर्तमानं वाचा. 'तुझा आजार ही देवाची इच्छा आहे, गप्प राहा,' असं येशू एकाही रोग्याला म्हणत नाही. तो त्यांना बरं करतो. आपण सोपवायचं ते बापाच्या हाती, जुलूम करणाऱ्याच्या हाती नव्हे.

आपल्या भाषेतला 'विश्वास' हा शब्द मला फार आवडतो. त्याच्या मुळाशी श्वास आहे. संस्कृतात 'विश्वस्' म्हणजे मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. भीतीत माणूस श्वास कोंडून धरतो, ते त्या बाकड्यावर मी अनुभवलं आहे. आणि लूकाने नोंदवलेलं वधस्तंभावरचं शेवटचं वाक्य काय आहे? "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो." हे एकतिसाव्या स्तोत्रातलं वचन आहे. तिथला 'आत्मा' हा हिब्रू शब्द श्वासासाठीही वापरतात. मात्र त्याच वधस्तंभावरून 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा आक्रोशही उठला होता, तो बाविसाव्या स्तोत्रातला. आक्रोशही शास्त्रातलाच आणि सोपवणंही शास्त्रातलंच. तक्रार संपल्यावर विश्वास सुरू होतो असं नाही. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याकडेच ती घेऊन जाणं, हाही विश्वासच.

'आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो' या येशूच्या शेवटच्या वाक्यावर शार्ल द फुको या फ्रेंच संन्याशाने चिंतन लिहिलं होतं. 'बापा, मी स्वतःला तुझ्या स्वाधीन करतो' ही आज अनेक भाषांत म्हटली जाणारी प्रार्थना त्यातूनच आली. आपल्याबरोबर राहणारे बंधू मिळावेत, अशी त्यांना आयुष्यभर आस होती. 1 डिसेंबर 1916 रोजी सहारातल्या तामनरासेत इथे त्यांना गोळी घालण्यात आली तेव्हा त्यांच्यासोबत त्यांच्या संघाचा एकही बंधू नव्हता. त्यांच्या वाटेने जाणारे संघ उभे राहिले ते त्यांच्या मागे. त्यांनी ते पाहिलं नाही. सोपवणं म्हणजे काय, हे मला या माणसाकडे पाहून थोडंफार कळतं.

तुम्ही विचाराल, मग रोज करायचं काय? मी काय करतो ते सांगतो. एकतिसाव्या स्तोत्रातलं ते वचन चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत शतकानुशतकं म्हटलं जातं. दिवा मालवला की मी ते म्हणतो, श्वास सोडता सोडता. मग एकेक नाव घेतो: बायकोचं, मुलीचं, आता आईचंही, ती थकली आहे. प्रत्येक नावाबरोबर एक श्वास सोडायचा. काही रात्री सगळी नावं सुटतात. काही रात्री एखाद्या नावापाशी छाती पुन्हा आवळते. तेव्हा मी जोर लावत नाही. मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्या आजारी मुलाच्या बापाने येशूला म्हटलं होतं ना, 'माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साहाय्य कर'? तेवढंच म्हणतो, आणि ते नाव मुठीत धरूनच झोपी जातो.