२० डीबीएम म्हणजे किती व्होल्ट?

मागे आवाज येतोय ना? माईकवाल्या दादांनी आत्ताच सांगितलं, सर ६ डीबी वाढवलेत, मी विचारलं कशाच्या मानाने, तर ते नुसते हसले. तुम्हीही हसताय, म्हणजे बरोबर खोलीत आलोय.

माझी जुनी तक्रार हीच आहे. नुसता डीबी, म्हणजे डेसिबल, हे गुणोत्तर. त्याला एम लागला की १ मिलिवॉटशी तुलना, म्हणजे पॉवर झाली, व्होल्टेज नाही. तरी दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, २० डीबीएम म्हणजे किती व्होल्ट? माझी आजी पायलीने धान्य मोजायची, तिला पायलीत किती किलो बसतं विचारलं की ती आधी विचारायची, तांदूळ का चुरमुरे? तसं, किती ओहमच्या रेझिस्टन्सवर, ते सांगा आधी.

हे मला कॉलेजात नाही कळलं, चिप जाळून कळलं. पहिली नोकरी, रात्रीचे साडेआठ, सगळे घरी गेलेले, समोर एडीसीचा, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपचा, बोर्ड आणि त्याच्या इनपुटला प्लस-मायनस अडीच व्होल्टची लिमिट. मला सिग्नल जनरेटरवरून २० डीबीएम द्यायचे होते. कॅल्क्युलेटर काढला, २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट, ०.१ वॉट गुणिले ५० ओहम म्हणजे ५, वर्गमूळ २.२४ व्होल्ट. अडीचच्या आत आहे, चालतंय की! जनरेटरचं आउटपुट ऑन केलं. धूर नाही, आवाज नाही, स्क्रीनवरचा आकडा जागच्या जागी गोठला आणि चिपला बोट लावलं तर चटका बसला.

सकाळी आमच्या लॅबचे काका आले. मला वाटलं ऑसिलोस्कोप लावतील. त्यांनी एकच विचारलं, "टोपी कुठाय?" टोपी म्हणजे ५० ओहमचं टर्मिनेशन, केबलच्या टोकाला लावायचा रेझिस्टर, ते मी लावलंच नव्हतं. एडीसीचा इनपुट हाय इम्पीडन्स, म्हणजे करंट जवळजवळ घेतच नाही, मग जनरेटरच्या आतल्या ५० ओहमवर काही पडत नाही आणि व्होल्टेज दुप्पट होतं, दादांचे ते ६ डीबी तेच. आणि वर मी आरएमएस, म्हणजे पॉवरच्या हिशोबाचं एक प्रकारचं सरासरी व्होल्टेज, काढून बसलेलो, शिखर नाही. काका म्हणाले, "घरातल्या २३० ला ४०० चा कपॅसिटर का लावतोस रे? शिखर ३२५ ला जातं म्हणून ना?" म्हणजे टोपी असती तरी शिखर ३.१६ होतं, चिप जाणारच होती, आणि टोपीशिवाय ६.३२. काकांचा पगार माझ्यापेक्षा कमी होता, हे मला आजही टोचतं, पण तो वेगळा विषय.

काय? पाच मिनिटं? अहो, मुख्य भाग आत्ता सुरू होतोय. बरं, पटकन लिहून घ्या.

पीक व्होल्टेज, तेच ते शिखर, म्हणजे २ गुणिले पॉवर गुणिले रेझिस्टन्स, त्याचं वर्गमूळ. ५० ओहमला १० डीबीएम घाला, म्हणजे १० मिलिवॉट, २ गुणिले ०.०१ गुणिले ५०, बरोब्बर १ व्होल्ट पीक. हा एक आकडा पाठ करा, बाकी तोंडी निघतं. २० डीबी वाढले की व्होल्टेज दहापट, ६ ला साधारण दुप्पट, ३ ला १.४१ पट. म्हणजे ३० डीबीएमला १० व्होल्ट पीक, उणे १० ला ०.१. पीक-टू-पीक, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, हवं तर दुप्पट करा. ७५ ओहमला १.२२ ने गुणा. ऑडिओवाल्यांचं जुनं टेलिफोनचं ६०० ओहम असेल तर ३.४६ ने, त्यांचा तो ०.७७५ व्होल्ट म्हणजे ६०० ओहमवर ० डीबीएमचा आरएमएस, पीक १.०९५.

आणि हे सगळं साईन वेव्हला बरं का. वायफायसारख्या सिग्नलची शिखरं सरासरीपेक्षा आठ-दहा डीबी वर जातात, पॉवर मीटर सरासरी दाखवतो आणि पार्ट जातो शिखराने, तिथे तेवढी मार्जिन सोडा.

चहा आला वाटतं. ही बघा काकांची टोपी, माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असते, हातात घेऊन बघा, पण परत द्या हं, मागच्या वेळी एक गेली.