न देणाऱ्यांचा हिशेब

गरिबाचं मन मोठं आणि श्रीमंताची मूठ झाकलेली, हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही व्यासपीठावर टाळी घेतं. अमेरिकेत याच अर्थाचा एक आलेख बरीच वर्षं गाजत होता. आडव्या अक्षावर कुटुंबाचं उत्पन्न, उभ्या अक्षावर त्यातला किती टक्के हिस्सा दानात गेला ते. रेघ डावीकडे उंच, मध्ये खाली बसलेली, उजव्या टोकाला पुन्हा वर चढलेली. म्हणजे गरीब उदार, अतिश्रीमंतही उदार आणि चिक्कू तो मध्यमवर्ग! आज या सभागृहातले आपण बहुतेक जण त्या मधल्या खड्ड्यातच बसलो आहोत, तेव्हा हे जरा बारकाईने बघायला हरकत नाही.

१९९५च्या सुमारास पॉल शर्विश आणि जॉन हेवन्स या दोन संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला: या आलेखात आहेत कोण? उत्तर होतं, फक्त देणारे. ज्यांनी वर्षभरात काहीच दिलं नाही त्यांना आधीच वगळलेलं होतं.

त्याने काय बिघडतं? समजा, वर्षाला २ लाख मिळवणारी १०० घरं आहेत. त्यातल्या ३० घरांनी प्रत्येकी १० हजार रुपये दिले. दुसरीकडे २० लाखवाली १०० घरं, त्यातल्या ९० घरांनी प्रत्येकी ६० हजार दिले. फक्त देणाऱ्यांकडे बघितलं तर गरिबांचं दान उत्पन्नाच्या ५ टक्के, श्रीमंतांचं ३ टक्के. टाळी! आता सगळी घरं धरा. पहिल्या गटाच्या २ कोटींतून ३ लाख गेले, म्हणजे दीड टक्का. दुसऱ्या गटाच्या २० कोटींतून ५४ लाख, म्हणजे २.७ टक्के. आकडे तेच आहेत, निकाल उलटा लागला. शर्विश आणि हेवन्स यांनी न देणारी कुटुंबं परत आत घेतली तेव्हा डावीकडचा उंचवटा बसला.

त्या डाव्या टोकाला आणखी एक भानगड असते. उत्पन्न कमी म्हणजे माणूस गरीबच, असं नाही. निवृत्त झालेला, कर्ज फिटलेल्या घरात राहणारा, बँकेत ठेवी असलेला गृहस्थही कमी उत्पन्नाच्या रकान्यात येतो आणि देणगी मात्र जुन्या सवयीने देतो. उत्पन्न विचारलं आणि मालमत्ता विचारली नाही, की हे घडणारच.

संख्याशास्त्रात या शून्यांचा, म्हणजे काहीच न देणाऱ्यांचा, प्रश्न जुना आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९५८ साली त्यावर जी रीत सुचवली तिला आज ‘टोबिट’ म्हणतात. पण टोबिटमध्ये असं गृहीत असतं की द्यायचं की नाही आणि किती द्यायचं, हे दोन्ही निर्णय एकाच कारणाने ठरतात. दानाच्या बाबतीत मला ते पटत नाही. देणं सुरू होतं ते पुष्कळदा कुणीतरी दारात येऊन मागितलं म्हणून. रक्कम ठरते खिशाकडे बघून. म्हणून दोन पायऱ्यांनी जाणं बरं: आधी देण्याची शक्यता, मग देणाऱ्यांपुरती रक्कम. वय, शिक्षण, धर्मस्थळी नियमित जाणं, हे घटक या दोन पायऱ्यांवर सारख्याच जोराने चालतील असं आधीच धरू नये.

स्त्रिया जास्त देतात की पुरुष? २००१ साली अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी आणि लिसे व्हेस्टरलुंड यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात देण्याची ‘किंमत’ बदलत ठेवली होती: कधी स्वतःचा एक सोडला की समोरच्याला तीन, कधी उलट. देणं महाग असताना स्त्रिया जास्त उदार, स्वस्त असताना पुरुष. पुरुषांमध्ये पूर्ण स्वार्थी आणि पूर्ण निःस्वार्थी अशी दोन्ही टोकं जास्त; स्त्रियांचा कल सारखी वाटणी करण्याकडे. म्हणजे ‘कोण जास्त’ याला एक उत्तरच नाही. आपल्याकडे तर पावती फाटते घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने. द्यायचं ठरवलं कुणी, हे पावतीवर कुठे असतं?

अमेरिकेत १९६८पासून त्याच कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या माग ठेवणारी एक पाहणी आहे आणि २००१पासून तिच्यात दानाचे प्रश्न विचारले जातात. २००० साली सुमारे ६६ टक्के कुटुंबं दान करत होती. २०१८ साली ५० टक्क्यांच्या किंचित खाली. देणगीची एकूण रक्कम मात्र याच काळात वाढली. देणारे कमी, रकमा मोठ्या. नुसती बेरीज बघणाऱ्याला हे दिसलंच नसतं. आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं बघणाऱ्याला तर भलतंच दिसलं असतं: २०१७च्या कायद्याने सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली, त्यामुळे वजावटी (देणग्याही त्यातच येतात) वेगवेगळ्या मांडणारे साधारण ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. माणसं देत राहिली तरी कागदावरून गायब झाली.

आपलं ८०जी, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची वजावट, यापेक्षाही अंधुक आहे. नव्या करप्रणालीत ती वजावट नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला जुन्या प्रणालीतही नाही. अशोका विद्यापीठाच्या २०२०-२१च्या पाहणीत ६४ टक्के घरांनी धार्मिक संस्थांना आणि ६१ टक्क्यांनी भिक्षेकऱ्यांना दिल्याचं सांगितलं. बिगरधार्मिक संस्थांना देणारे फारच थोडे. सिग्नलवरच्या दहा रुपयांची पावती नसते.

तुमच्यापैकी काही जण मंडळं चालवतात, काही जण संस्था. तुमच्याकडे देणगीदारांच्या याद्या आहेत आणि त्यावरून ‘आपला देणगीदार पन्नाशीच्या पुढचा’ असे निष्कर्ष तुम्ही काढता. कदाचित तुम्ही पन्नाशीच्या पुढच्यांकडेच गेला असाल! यंदा स्थळप्रतीबरोबर एक वही ठेवा. किती दारं वाजवली, दार कुणी उघडलं, अंदाजे वय काय, आणि नाही म्हणाले असतील तर तेही लिहा. ती वही घेऊन या, मग आपण पहिल्या पायरीचं गणित मांडू.