डुप्लिकेट जुळले, म्हणून स्टार्चचा आकडा बरोबर?

नमस्कार मंडळी! पशुखाद्यातला स्टार्च कसा मोजायचा, यावर बोला म्हणून बरेच दिवस तुम्ही मागे लागला आहात. पण कमेंट वाचताना लक्षात आलं की मोजायचं कसं हे तुम्हाला येतंच. खरा प्रश्न दुसराच आहे: "ताई, माझे डुप्लिकेट अगदी तंतोतंत जुळतात. म्हणजे पद्धत बरोबर ना?"

नाही! डुप्लिकेट म्हणजे एकाच नमुन्याच्या दोन नळ्या. दोन्ही नळ्यांत तीच चूक झाली, तर दोन्ही आकडे सारखेच येणार.

पद्धत भरभर सांगते. नमुना बारीक दळायचा. ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि उष्णता सोसणारं अल्फा-अमायलेज, म्हणजे स्टार्चची लांब साखळी तोडणारं एन्झाइम, घालून 100 अंशांना तासभर. मग तुकड्यांचं ग्लुकोज करणारं दुसरं एन्झाइम, अमायलोग्लुकोसिडेज, घालून 50 अंशांना दोन तास. स्टार्चचं ग्लुकोज होतं, त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असलेलं रसायन घालून चढणारा रंग 505 नॅनोमीटरला वाचायचा. नमुन्यात आधीपासून असलेलं सुटं ग्लुकोज वजा करायचं आणि उरलेल्याला 0.9 ने गुणायचं, कारण साखळी तुटताना दर ग्लुकोजमागे पाण्याचा एक रेणू जोडला जातो. एओएसी ही तपासणीच्या पद्धती प्रमाणित करणारी संस्था; तिच्या 2014.10 पद्धतीचा गाभा हाच. आधीची 920.40 बाद झाली ती तिच्यातलं एन्झाइम बनायचंच बंद झालं म्हणून. हे ध्यानात असू द्या. कागदावर काहीही लिहिलेलं असो, नळीत काम करतं ते एन्झाइम.

आता साखर. म्हणजे आपली साधी साखर, सुक्रोज. सुटं ग्लुकोज मोजायच्या नळीत आपण एन्झाइम घालत नाही. तिथे साखर अख्खी राहते, रंग देत नाही. पण एन्झाइम घातलेल्या नळीत, तुमच्या एन्झाइमच्या बाटलीत साखर तोडणारं दुसरं काही मिसळलेलं असेल, तर तीच साखर फुटते आणि तिच्यातलं ग्लुकोज स्टार्चच्या खात्यात जमा होतं. वजाबाकीत ते सापडतच नाही, कारण ज्या नळीतून वजा करतोय तिथे ते नव्हतंच.

पटत नसेल तर हिशोब करा. मळी घातलेलं खाद्य घ्या, त्यात 10 टक्के साखर. सगळी फुटली तर 5.26 टक्के ग्लुकोज, गुणिले 0.9, म्हणजे 4.7 टक्के स्टार्च. जो त्या खाद्यात नाहीच! ज्या घोड्याला किंवा गाईला स्टार्च मोजूनमापून द्यायचाय, तिच्या रेशनमध्ये हा आकडा जाऊन बसतो.

आणि हिशोबही नको असेल तर नळीच लावा. शुद्ध साखर तोला, नमुना समजून तिला सगळ्या पायऱ्यांतून न्या. उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. रंग चढला तर दोष एन्झाइमचा, बाटली बदला. एका नळीचं काम आहे हो, आणि तरी "कंपनीच्या लेबलवर शुद्ध लिहिलंय" अशा कमेंट येतात. लेबलवर विश्वास ठेवून रिपोर्टवर सही करू नका, एवढं कळकळीने सांगते.

साखरेच्या शेजारी आणखी दोन नळ्या हव्यात. एकीत शुद्ध ग्लुकोज: ते पुरतं परत मिळालं नाही तर घोळ पिपेटचा किंवा आकारमानाचा. दुसरीत शुद्ध मक्याचा स्टार्च, ओलावा वजा करून. पांढरी पावडर कोरडी दिसते, पण तिच्यात दहा-बारा टक्के पाणी सहज असतं.

या स्टार्चच्या नळीने मला एकदा वाचवलंय. आकडा 100 टक्क्यांऐवजी सारखा 93 च्या आसपास यायचा, आणि डुप्लिकेट? सुरेख जुळलेले! आठवडाभर मी पिपेट तपासत बसले. बफर उदासीन पीएचचा होता. अशा बफरमध्ये इतक्या उष्णतेला साखळीच्या टोकाचं ग्लुकोज फ्रुक्टोजमध्ये बदलतं, माल्टुलोज तयार होतं, आणि ते अमायलोग्लुकोसिडेजला तुटत नाही. तेवढा स्टार्च मोजणीतून गळतो. पीएच 5 चा आग्रह यासाठीच. पण मग अमायलेजही 5 ला नीट चालणारं घ्या, नाहीतर एक भोक बुजवताना दुसरं पडेल.

नळी हलवण्याबद्दल थोडं. गरम पाण्यातून काढून उजेडासमोर धरा. द्रवाच्या वर काचेला पिठाची कोरडी कडी चिकटलेली दिसते का? तो स्टार्च एन्झाइमला भेटलेलाच नाही. मधेमधे व्होर्टेक्स करा (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर धरा), ती कडी खाली धुऊन निघायला हवी. आणि ग्लुकोजचं स्टँडर्ड आदल्या दिवशीच करून ठेवा. ग्लुकोजची अल्फा-बीटा रूपं समतोलात यायला वेळ लागतो, आणि ऑक्सिडेजला बीटाच दिसतं.

शेवटी एक प्रश्न बऱ्याच जणांचा आहे: "साखर आधी 80 टक्के अल्कोहोलने धुऊन टाकली तर?" साखर जाईल, खरंय. पण शिजवलेल्या, एक्सट्रूडरमधून (उष्णता-दाबाने दाबून काढणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या खाद्यात स्टार्चचे छोटे तुकडे झालेले असतात. तेही अल्कोहोलबरोबर वाहून जातात, आणि ते तर आपल्याला मोजायचेत. त्यापेक्षा नवी बाटली उघडली की पहिल्या दिवशी साखर, ग्लुकोज, स्टार्च या तीनच नळ्या लावा. नमुने दुसऱ्या दिवशी.