भुकेची ओळख असलेली बाई : पंडिता रमाबाई आणि केडगावचं मुक्ती सदन

[दृश्य : पुणे-दौंड लोहमार्ग. केडगाव स्टेशनची पाटी.]

पुण्याहून दौंडकडे निघालं की वाटेत केडगाव लागतं. 1897 साली इथल्या माळावर पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणून ठेवल्या. पक्कं घर नव्हतं. तंबू होते, गवतानं शाकारलेल्या झोपड्या होत्या आणि धड उभंही राहता येत नव्हतं अशा पोरी होत्या.

रमाबाईंनी हा भार का उचलला, हे समजून घ्यायला वीसेक वर्षं मागं जावं लागतं.

[दृश्य : कोरडा ओढा. उन्हात पायवाट.]

वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्यांनी लोकांचा राग ओढवून घेतला, तेच हे. आई लक्ष्मीबाईंनी ते संस्कृत लेकीला दिलं. हे कुटुंब तीर्थाटन करत पुराण सांगायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. आधी दागिने गेले, मग चांदीची भांडी, मग तांब्याची. शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले. पाठोपाठ आई गेली.

आईला उचलायला माणसं मिळेनात. कशीबशी दोघं आली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासचा आणि चौथा रमाचा. स्मशान तीन मैलांवर. रमाची उंची कमी, खांदा पुरेना. म्हणून आईच्या तिरडीचा आपला कोपरा तिनं डोक्यावर घेतला.

थोड्याच दिवसांत थोरली बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं देशभर पायी फिरली. झेलमच्या काठी थंडी सोसेना तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली.

1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्या सत्काराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र केडगावची वाट तिरडीच्या त्या चौथ्या कोपऱ्यापासून सुरू झालेली दिसते.

[दृश्य : रमाबाई आणि मनोरमा यांचं जुनं छायाचित्र.]

लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला. पदरात मनोरमा. 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी यायला लागलं होतं आणि ते राहून गेलं. त्याच काळात लंडनजवळ फुलहॅमला त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजानं ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत होत्या. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही कशासाठी करता? उत्तरात त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. लोक जिला टाळत होते, तिच्याकडे येशूनं प्यायला पाणी मागितलं होतं.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्या ख्रिस्ती झाल्या.

महाराष्ट्राला ते रुचलं नाही. 1889 साली मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धोंडो केशव कर्वे यांच्याशी 1893 साली पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. पण मुलींना ख्रिस्ती करतात, या आरोपावरून त्याच वर्षी मोठं वादळ उठलं. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. ज्यांनी नेल्या, त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नव्हती. त्यांनी ना श्रद्धा सोडली, ना सदन.

[दृश्य : दुष्काळाची जुनी छायाचित्रं.]

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी छावण्या त्यांनी स्वतः पाहिल्या. एकट्यादुकट्या मुलींचं तिथं काय होत होतं, तेही पाहिलं. भुकेल्या पोरीपुढं नेमका कोण हात करतो, हे त्यांना नुसतं ऐकून माहीत नव्हतं, स्वतः भूक सोसून माहीत होतं. त्यांनी सुमारे 300 मुली आणल्या. शारदा सदन उच्च जातींच्या विधवांसाठी होतं. आता आलेल्या पोरींना कुणी जात विचारायची वेळच नव्हती. पुण्यात प्लेग होता, तिथं ठेवता येईनात. केडगावला शारदा सदनाच्या खर्चासाठी फळबाग लावायला घेतलेली जमीन होती. मुली तिथं आल्या आणि तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं.

ख्रिस्ती मंडळीत पुढारीपणाचा विषय निघाला की येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग सांगतात. केडगावात तो प्रसंग व्यासपीठावरून सांगायची गरज नव्हती. अंगावर फोड आलेल्या पोरीला आंघोळ घालणं, तिच्या पोटाला सोसेल एवढंच भरवणं, हे तिथलं सकाळचं काम होतं.

याच 1897 साली प्लेगच्या इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपण ख्रिस्ती, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. हे मला त्यांच्या सगळ्या धाडसांत मोठं वाटतं, कारण आपल्या माणसांना बोल लावणं सर्वांत जड असतं.

[दृश्य : मुक्ती मिशनचं आवार. विहीर. झाडं.]

1899 साली टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन उभं राहिलं. फुलहॅमला पाहिलेलं सोळा वर्षांनी केडगावात आलं. पुढच्या वर्षी गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि मुक्तीत सुमारे 2000 जणी झाल्या. एवढ्यांना रोज जेवू घालायचं म्हणजे काय, ते घरात दहा पाहुण्यांचा स्वयंपाक केलेल्या बाईला विचारा. शेत, गोठा, तेलघाणा, हातमाग, शिवणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवत. अंध मुलींसाठी मनोरमा ब्रेल शिकली. काल जिला भरवावं लागत होतं, ती आज धाकटीला भरवत होती. हे रमाबाईंनी घडू दिलं. सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला ठेवल्या नाहीत.

[दृश्य : छपाईचे खिळे जुळवणारे हात.]

शेवटची वर्षं एका कामात गेली. मराठी बायबल होतं, पण त्यातली भाषा साध्या बायकांना जड वाटे. संस्कृत कोळून प्यालेल्या या पंडितेनं हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि संस्कृत शब्द बाजूला सारत अख्खं बायबल घरगुती मराठीत आणलं.

1921 च्या जुलैत मनोरमा गेली. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. काम हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

ते बायबल 1924 साली बाहेर आलं. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी छापलेलं.