बटणावर काय लिहायचं बे?

[दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सकाळ. टॉवेलच्या कारखान्याचं शटर वर जातंय. यंत्रमागांचा आवाज फुल्ल, निवेदन सुरू झालं तरी लगेच कमी करायचा नाही.]

हा आवाज आधी नीट ऐकून घ्या, पुढची निम्मी भांडणं याच आवाजामुळे झालीत.

इथल्याच एका शेडच्या मागच्या खोलीत तीन मित्रांनी एक मशीन बनवायला घेतलंय. हातात मावेल एवढा कॉम्प्युटर, वर चार ओळींचा छोटा स्क्रीन आणि खाली बटणं. मागावरून उतरलेला माल कापून, शिलाई होऊन, मोजून पॅकिंगला जातो, तर तिथल्या तिथं किती डझन आले किती गेले आणि सेकंड, म्हणजे दोष असलेले, किती निघाले ते टाकायचं, एवढंच काम. आत्ता हे सगळं वहीत लिहितात आणि संध्याकाळी मुनीमजी तेच परत कॉम्प्युटरवर चढवतात. मोबाइलवर अॅप का नाही टाकलं असं तुम्ही विचारणारच. बोटाला सुताचं तूस, त्यात सोलापूरचा मे महिना, घामेजलेल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही, आणि मुख्य म्हणजे नजर टॉवेलवर असताना न बघता दाबता आलं पाहिजे. म्हणून बटणं.

सर्किट झालं, बॅटरी झाली, प्रोग्रॅमही झाला. घोडं अडलं ते कुठलं बटण कुठं ठेवायचं आणि त्यावर काय लिहायचं यावर.

बटणं किती हा पहिला वाद. सहा आडव्या ओळी, चार उभ्या रांगा, म्हणजे २४ बटणं. प्रत्येक बटणाला वेगळी वायर लागत नाही, ओळींच्या ६ आणि रांगांच्या ४ अशा १० वायरींवर सगळं भागतं, चिप एकेक ओळ तपासत जाते आणि कुठल्या रांगेत सिग्नल आला त्यावरून बटण ओळखते. त्यामुळे आणखी बटणं वाढवणं स्वस्तच आहे, आणि स्वस्त आहे म्हणूनच मोह होतो. दुसरा मोह याच्या उलटा, बटणं कमी ठेवून एकेकाला दोन कामं द्यायची. १९७२ साली ह्युलेट-पॅकार्डनं खिशात मावणारा एचपी-३५ कॅल्क्युलेटर काढला, ३५ बटणं म्हणून नाव ३५, त्यातलं एंटर बटण मुद्दाम दुप्पट रुंद. पुढच्याच वर्षी एचपी-४५ आला आणि त्यावर सोनेरी शिफ्ट बटण आलं, म्हणजे बटणावर एक काम आणि वर सोनेरी अक्षरात दुसरं. इंजिनिअरला चालतंय ते, तो टेबलाशी बसून दाबतो. शिलाईतल्या आमच्या अक्कांच्या एका हातात धागे कापायची कात्री असते. शिफ्ट धरून दुसरं बटण कुठल्या बोटानं दाबायचं?

[दृश्य: शिलाई विभाग. एका अक्कांचे हात जवळून. उजव्या हातात कात्री, डाव्या हातात प्लायवूडचा तुकडा, त्यावर कागदी बटणं चिकटवलेली.]

तो प्लायवूडचा तुकडा बघितलात ना, तेच या मशीनचं पहिलं मॉडेल. वायर नाही काही नाही, नुसता हातात द्यायचा आणि माणूस कसा धरतो ते बघायचं. पाम पायलट हा खिशातला छोटा कॉम्प्युटर बनवायच्या आधी त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स असाच लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडायचा, मीटिंगमध्ये काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचा. इथं त्या तुकड्यानं पहिल्याच दिवशी सगळी मांडणी उलटी केली. पोरांनी उजव्या अंगठ्यासाठी डिझाइन केलेलं, पण उजवा हात कात्रीला बांधलेला, मशीन कायम डाव्या हातात. डाव्या अंगठ्याला बटणांच्या मधला पट्टा आणि उजवीकडचा भाग आरामात पोचतो, अवघड जातो तो खाली डावीकडचा कोपरा, अंगठ्याच्या अगदी मुळाशी असतो ना, तिथं अंगठा दुमडावा लागतो. मग ठरलं, जे दिवसभर लागतं ते मधे, आणि जे चुकून दाबलं तर वाट लागेल ते त्या अवघड कोपऱ्यात. म्हणजे 'पुसा' तिथं गेलं.

आता आकडे. हे मला वाटलं होतं सगळ्यात सोपं असेल. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर असतात आणि फोनवर १-२-३ वर असतात, कधी लक्ष दिलंय का? अमेरिकेत बेल लॅब्स या टेलिफोनवाल्यांच्या संशोधनशाळेनं बटणांचे फोन आणायच्या आधी डझनभराहून जास्त मांडण्या लोकांकडून दाबून घेतल्या, वेग बघितला, चुका मोजल्या, शिवाय कुठली आवडते तेही विचारलं. ते संशोधन १९६० साली छापून आलं आणि १९६३ मध्ये टच-टोन फोन आले ते १-२-३ वर घेऊन. कॅल्क्युलेटरवाल्यांनी त्यांची जुनी रीत सोडली नाही. मुनीमजींचं आयुष्य कॅल्क्युलेटरवर गेलेलं, ते न बघता बेरजा मारतात, म्हणाले ७ वरच पाहिजे. पण हे मशीन मुनीमजी वापरणारच नाहीत! शिलाईतल्या बायकांच्या हाताला सवय मोबाइलची, एटीएमची, किराणा दुकानातल्या कार्ड मशीनची, आणि तिथं सगळीकडे १ वर. मुनीमजी दोन दिवस रुसले होते, पण माझं मत पोरांच्याच बाजूनं. मधल्या ५ वर उंचवटा मात्र ठेवला, फोनवर असतो तसा, बोटाला तेवढाच पत्ता लागतो.

आकडे मराठी की इंग्रजी, यावर कुणीतरी अस्मितेचा मुद्दा काढलाच. पण सोलापूर हे सोलापूर आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, बाजूच्या पेठेत कन्नड, पलीकडे उर्दू, आणि रस्त्यावर सगळ्यांची मिळून मराठी. इंग्रजी आकडा मात्र प्रत्येकाला वाचता येतो. आणि तसंही घटनेच्या ३४३ व्या कलमात केंद्राच्या कामकाजासाठी त्यांना 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप'च म्हटलंय, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका.

[दृश्य: टेबलावर कागदी लेबलं पसरलेली. आवक, जावक, इन, आउट, आला, गेला. एक हात ती सरकवतोय.]

खरी गंमत इथं झाली. पोरांनी आधी 'इन' आणि 'आउट' छापलं होतं. सुपरवायझर म्हणाले 'आवक-जावक' लिहा, ऑफिसात तसंच असतं. मग एका पोरानं सरळ जाऊन विचारलं, अक्का, माल पॅकिंगला पाठवला की तुम्ही काय ओरडता? त्या म्हणाल्या, काय ओरडणार, 'गेला' म्हणून ओरडतो की. आणि शिलाईतून आला की? 'आला'. संपला विषय. पण ज्यांना फक्त तेलुगू वाचता येतं त्यांचं काय? तिथं शब्दाला बाण जोडला, आत येणारा आणि बाहेर जाणारा, आणि बटणांचे आकार वेगळे केले, आला गोल आणि गेला चौकोनी. रंगही आहेत, हिरवा कबूल, पिवळा मागे, लाल रद्द, कार्ड मशीनवर असतात तसेच, पण नुसत्या रंगावर काही सोडलं नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक असतात, पुरुषांत जास्तच, आणि शेडमधल्या एका ट्यूबलाइटखाली तर कुणालाच कळत नाही.

बटण दाबल्यावर बीप वाजायचा. बाहेर नवी पेठेत वाजला छान. शेडमध्ये? सुरुवातीचा आवाज आठवा. आता तिथं फोनमधली छोटी व्हायब्रेशन मोटर बसवलीय, एकदा थरथरलं की घेतलं, दोनदा थरथरलं की नाही घेतलं.

डिझाइनची आणि गिऱ्हाइकाची नावं टाकायची तर अक्षरं लागणारच. इंग्रजी टाइपरायटरची क्वर्टी मांडणी अंगठ्यापुरत्या जागेत दाटीवाटीची होते. ए-बी-सी क्रमानं लावावं तर १९८६ च्या सायऑन ऑर्गनायझर २ या हातातल्या कॉम्प्युटरवर तसं होतं, सहा बाय सहा, पण १९८२ मध्येच डोनाल्ड नॉर्मन आणि डायन फिशर यांनी तपासून दाखवलं होतं की नवख्यालाही त्या क्रमाचा म्हणावा तसा फायदा होत नाही, कारण ओळ कुठं तुटेल हे वर्णमाला सांगत नाही. आपली मात्र सांगते! क ख ग घ ङ, इथं ओळ संपते हे पहिलीतल्या पोराला पाठ असतं. आणि तेलुगूत, कन्नडमध्ये क्रम तोच. म्हणून एकेका वर्गाला एक बटण, पुन्हा दाबलं की पुढचं अक्षर, जुन्या कीपॅड मोबाइलवर साधारण असंच असायचं. कॉम्प्युटरवरच्या, भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीतही 'क' तिन्ही भाषांत एकाच जागी आहे, पण ती दहा बोटांची, शिवाय मराठीला पावलोपावली लागणारा 'ळ' तिथं शिफ्टमध्ये ढकललाय. इथं तो शेवटच्या बटणावर पहिलाच आहे. शाळा, माळी, पिवळा, निळा, टॉवेलवाल्याला 'ळ' शिवाय रंगसुद्धा लिहिता येत नाही.

[दृश्य: छपाईसाठी तयार नमुना, पारदर्शक प्लास्टिकचा. बोट उलट्या बाजूवरून फिरतंय.]

लेबलं प्लास्टिकच्या खालच्या बाजूनं छापणार, म्हणजे कितीही घासलं तरी अक्षर जाणार नाही. पण म्हणूनच एकदा छापलं की बदलणं खर्चाचं. २४ पैकी दोन बटणं कोरी सोडलीत. शेडमधल्या लोकांनी वापरून बघायचं, मग तेच सांगतील काय हवंय, तोवर त्यावर कागदाची पट्टी लावून भागवायचं असं ठरलंय. एकाला डॅमेज हवंय, दुसरीला 'कालचा हिशोब'. आणि छापखानेवाला सारखा फोन करतोय, दोन बटणांवर काही लिहायचं राहिलंय का हो, चुकून?