चिंधी पांढरी निघेपर्यंत

[नायगाव, बीडीडी चाळ. रात्रीचे साडेनऊ.]

टेबलावर पितळी डबा, डब्याला टेकवलेला मोबाइल आणि मोबाइलसमोर चष्मा कपाळावर चढवून बसलेले आमचे काका. पलीकडे टेक्सासमध्ये सकाळचे अकरा वाजलेत. माझा धाकटा भाऊ बंदुकांच्या एका दुकानात उभा आहे. हातात रायफल. लहानपणी कटलेला पतंग हाती लागला की त्याचा चेहरा असाच फुलायचा.

"काका, बघा ना! लाकूड कसलं चकाकतंय."

काका लाकडाकडे बघतही नाहीत.

"आधी मॅगझिन काढ. आता बोल्ट उघड. चेंबरमध्ये करंगळी घाल. रिकामं आहे ना? दुकानदाराने सांगितलं असलं तरी तू स्वतः बघ. मग पुढचं बोलू."

बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, चेंबर म्हणजे काडतूस बसतं ती जागा.

काकांनी 31 वर्षं पोलीस दलात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून काढली. शस्त्रागाराला ते आजही 'कोत' म्हणतात. ते घरी आले की हाताला तेलाचा वास यायचा. आम्ही मुलं लांबूनच ओळखायचो, काका आले.

भावाच्या हातात आहे ती ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. मुंबईच्या नाक्यानाक्यावर हवालदाराच्या खांद्याला वर्षानुवर्षं लटकलेली दिसायची, तीच. 1907 साली तिचा मार्क थ्री हा अवतार ब्रिटिश सैन्यात आला. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती लाखांनी बनली. पुढे सैन्यांनी जुन्या रायफली मोडीत काढल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घाऊक भावात उचलल्या. ईशापूरचा शिक्का टेक्सासच्या दुकानात पोचला तो असा.

इथे मुंबईत काकांना ती विकत घेता आली नसती. .303 हे लष्कराचं काडतूस. आपल्याकडे ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापांत येतं, सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. लष्कराचं काडतूस लोकांच्या हाती पडू नये, ही धास्ती ब्रिटिशांनाही होतीच. म्हणून तर याच ली-एनफिल्डच्या बोल्टवर .315 ची शिकारी रायफल निघाली आणि स्वातंत्र्यानंतरही ईशापूरला बनत राहिली. 1959 चा शस्त्र कायदा आहेच, 2019 च्या दुरुस्तीनंतर तर परवानाधारकालाही तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. ज्या माणसाने जन्मभर रायफली दुरुस्त केल्या, त्याच्या घरात कधी एक रायफल नव्हती.

[मोबाइलचा पडदा. रायफलीच्या दस्त्यावर कॅमेरा फिरतो.]

"आता लाकडावरून बोट फिरव. लोखंड आणि लाकूड जिथे भेटतात तिथे. काय लागतं?"

"लोखंड किंचित वर आहे."

"बघ. सैन्याच्या रायफलीचं लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर असतं. हे कुणीतरी पॉलिश पेपरने घासून खाली नेलंय. घासताना शिक्के पण गेले. चकाकी दिसतेय ती त्याची."

भाऊ जरा हिरमुसतो. मला त्याचं वाईट वाटतं, कारण मीसुद्धा त्या लाकडालाच भुलले होते. पण जुन्या फौजी रायफलीचं खरं मोल नळीच्या आत असतं, आणि तिथे पॉलिश पोचत नाही.

काका त्याला बोल्ट काढायला लावतात. चेंबरच्या बाजूने बॅटरी, पुढच्या तोंडाला कॅमेरा. पडद्यावर एक काळपट बोगदा उमटतो. ईशापूरच्या नळीत डावीकडे वळत जाणारे पाच आटे असतात. ते गोळीला फिरकी देतात, फिरकीमुळे गोळी सरळ जाते. आट्यांच्या कडा धारदार हव्यात. झिजल्या की नेम गेला.

आणि मग काका थांबून एक गोष्ट सांगतात. मी करतेय त्या या फिल्मसाठी तासन्तास बोलले त्यांच्याशी, पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच.

जुन्या .303 काडतुसाच्या टोपीत, म्हणजे बुडाशी बार पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं. म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते नळीत बसतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेच नळीत होतं, फक्त इथे खाली पोलाद असतं. एका रात्रीत गंज धरतो. नुसतं तेल लावून उपयोग नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून गोळीबाराच्या सरावानंतर काकांच्या कोताबाहेर पातेलंभर पाणी उकळत ठेवलेलं असायचं. नळीत नरसाळं लावायचं आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. नळी इतकी तापते की आतलं पाणी आपोआप वाळून जातं. त्यानंतर कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी.

"पहिली चिंधी काळी येते," काका बोटं चोळत सांगतात, जणू चिंधी हातातच आहे. "मग राखाडी. मग गंज असेल तर तांबूस. पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही. ज्याने थांबवलं, त्याच्या नळीत महिन्याभरात खड्डे."

पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्या तरी छावणीत, कुठल्या तरी संध्याकाळी, एका दमलेल्या शिपायाने पाणी ओतलं की आळस केला, ते आज टेक्सासमध्ये बॅटरीच्या उजेडात दिसतं. मला हे फार विलक्षण वाटतं.

[दुकानाचं काउंटर. भावाच्या तळहातावर एक सुटी गोळी.]

दुकानदार भला माणूस. त्याने काडतुसाविना एक सुटी गोळी दिली. काका सांगतात, ती टोकाकडून नळीच्या पुढच्या तोंडात घाल. चांगल्या नळीत गोळी थोडी शिरते आणि अडते, बरीचशी बाहेर राहते. इथे ती जवळजवळ बुडाली. वर आणखी एक गोष्ट, तोंडाला एकाच बाजूला फट जास्त.

"दोरीने खाल्लंय," काका म्हणतात.

पुल-थ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. वजन चेंबरमधून सोडायचं, मागे चिंधी अडकवायची आणि पुढच्या तोंडातून ओढायची. सरळ ओढली तर काही होत नाही. पण घाईत तिरकी ओढली, की धुळीने भरलेली दोरी नळीच्या तोंडावर कानशीसारखी चालते. रोज थोडी, अशी कित्येक वर्षं. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो तिथेच, त्यामुळे तिथली झीज नेमाला सगळ्यात जास्त भोवते. या रायफलीची कुणी हेळसांड केली नव्हती. उलट कुणीतरी तिला रोज साफ केलं, पण चुकीच्या हाताने.

मग आकडे. बोल्टच्या मुठीच्या मागे एक क्रमांक असतो, तोच मुख्य भागावर असायला हवा. इथे दोन वेगळे निघाले. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. काकांच्या मते हे दिसायला बारीक, पण सगळ्यात गंभीर. .303 चं काडतूस बुडाच्या कडेवर टेकून बसतं. बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये त्या कडेसाठी किती जागा उरते, त्याला हेडस्पेस म्हणतात. 0.064 इंच ही खालची मर्यादा, 0.074 ही वरची. जागा जास्त झाली तर काडतूस बुडाजवळ फाटू शकतं आणि गरम वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला गेज, म्हणजे ठरावीक मापाचं साधन लागतं.

"ही ठेव परत," काका म्हणाले.

भावाने विचारलं, "भिंतीवर लावायला घेतली तर?"

"भिंतीवर लावायची तर घे. पण मग उडवायच्या रायफलीचे पैसे मोजू नको."

रॅकच्या कोपऱ्यात आणखी दोन होत्या. एकीच्या पुढच्या लाकडाला तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. भावाला वाटलं, लाकूड फुटलं म्हणून बांधलंय. तसं नाही. नळीच्या तोंडावर पेला बसवून हातबॉम्ब फेकण्यासाठी राखलेल्या रायफली अशा बांधत. धक्का फार बसायचा, लाकूड तडकलं तरी तुकडे उडू नयेत म्हणून ही तार. काकांनी ती बराच वेळ बघितली, संग्राहकासाठी छान आहे म्हणाले, आणि पुढे गेले. 7.62 मिमी काडतुसाची टूए-वन बनावटही दुकानात होती. 1962 च्या चीन युद्धानंतर ईशापूरने ती काढली. अनेकांना वाटतं ती थ्री-नॉट-थ्रीच बदलून केलीय, पण तिचं पोलाद वेगळं, जास्त ताकदीचं, आणि मॅगझिन चौकोनी, 12 गोळ्यांचं. भावाचं मन मात्र थ्री-नॉट-थ्रीवरच होतं.

शेवटी तिसरी. काळी, तेलकट, दस्त्याला खरचटलेली. दस्त्याच्या मागच्या टोकाची पितळी बटप्लेट हिरवट पडलेली. शिक्का जी.आर.आय., म्हणजे ब्रिटिश राजा जॉर्जचा, ईशापूर, 1943.

लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर. बोल्ट आणि मुख्य भाग, एकच क्रमांक. पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू गेलेला दिसला आणि भाऊ म्हणाला, "ही पण दुरुस्त केलेली दिसतेय." काका हसले. तो स्क्रू ईशापूरची ओळख आहे. धक्क्याने लाकूड उभं चिरू नये म्हणून नंतरच्या देखभालीत तो बसवला जायचा. परदेशात कित्येक जण त्याला खोट समजून सोडून देतात. सुटी गोळी तोंडाशी अडली. नळी मात्र आतून काळीकुट्ट.

"घाबरू नको. चिंधी मार."

दुकानदाराच्या सळईने भावाने चिंध्या ओढल्या. काळी. काळी. राखाडी. पाचव्या चिंधीनंतर पडद्यावर आटे उमटले. मधे मधे बारीक टोचल्यासारखे डाग, पण कडा उभ्या, धारदार. काका खुर्चीत पुढे सरकले. "अरे, ही चालेल."

भाऊ म्हणाला, "काका, तुमचा किती जीव होता ना या रायफलीवर!"

काका थोडा वेळ बोलले नाहीत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीच्या फलाटांवर पोलिसांच्या हातात हीच थ्री-नॉट-थ्री होती आणि समोर एके-47. एक गोळी सुटली की बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. त्या रात्रीनंतर काकांनी या रायफलीची तारीफ पोलिसांसमोर कधी केली नाही. पण साफ करायचं सोडलं नाही.

"पैसे आज देऊ नको," एवढंच ते म्हणाले. "आधी गेज लावून घे."

[पुढचा रविवार. तीच खोली, तोच डबा.]

गेज लागलं. लहान गेजवर बोल्ट बंद झाला, मोठ्या गेजवर अडला, म्हणजे हवा तसा. भावाने रायफल घेतली, आणि काकांच्या सांगण्यावरून जुन्या काडतुसांची स्वस्त पेटी न घेता नवीन काडतुसं घेतली. आता ती त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर आडवी आहे. गॅसवर किटली ठेवलेली ऐकू येते. आपल्या आधी हिच्यातून कुठली काडतुसं उडाली कुणास ठाऊक, तेव्हा पहिली अंघोळ आपणच घालायची, असं काकांनी बजावलंय.

"नरसाळं घट्ट धर. चेंबरच्या बाजूने ओत. हात भाजेल, फडकं घे."

पाणी ओतल्याचा आवाज. वाफेने पडदा धुरकट होतो. मग भाऊ पहिली चिंधी ओढून कॅमेऱ्यासमोर धरतो.

तांबूस.

"अजून एक," काका म्हणतात.